शितावरून भाताची परीक्षा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचे. तरीही आज आकड्यांवर बोलण्याचे धाडस करते आहे, कारण हे आकडे लेकरांच्या जिवाचे आहेत.

लेकराला डब्बा झाला, छाती उडू लागली, की शेजारणी जमतात. एक म्हणते, "माझ्या नातवाला अमक्या औषधाने गुण आला." दुसरी म्हणते, "माझ्या पुतण्याला नाही आला." दोघीही खरेच बोलतात. मग आईने ऐकावे कोणाचे? भात एका हंडीतला असतो, म्हणून शितावरून त्याची परीक्षा होते. लेकरे काही एका हंडीतली नसतात.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1988 साली हा प्रश्न गावेच्या गावे घेऊन तपासला. 58 गावांत आरोग्यसेवकांना व सुइणींना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. 44 गावे तुलनेसाठी ठेवली. शिकविलेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी भरले. पण एक जिल्हा म्हणजेही एक शीतच की!

असे प्रयोग नेपाळ, टांझानिया वगैरे ठिकाणीही झाले. 2003 साली डॉ. सुनील सझावल व डॉ. रॉबर्ट ब्लॅक यांनी अशा नऊ अभ्यासांचा मेळ घातला. पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू सुमारे 36 टक्क्यांनी घटलेले दिसले. एका ठिकाणापेक्षा आकडा लहान, पण विश्वास मोठा.

हा मेळ घालताना सगळी मुले एका ढिगात टाकीत नाहीत. आधी प्रत्येक ठिकाणची तुलना तिथल्याच गावांशी करतात, मग ते फरक एकत्र करतात. तेही वजन पाहून. समजा, 2 क्विंटल कापूस 6000 रुपये भावाने गेला व 20 क्विंटल 7000 ने. तर सरासरी भाव 6500 नव्हे, 6900 च्या वर पडतो. तसेच ज्या अभ्यासाचा आकडा अधिक पक्का, त्याला वजन अधिक. आणि विरुद्ध गेलेले अभ्यासही घ्यावेच लागतात. वर पांढरा कापूस अन् खाली कवडी, असा माल दाखविला तर हिशेब खोटा ठरतो.

भगिनींनो, शेजारणीचा अनुभव जरूर ऐकावा; पण लेकरू खोकत असेल तर आधी घड्याळ घ्यावे. लेकरू शांत असताना मिनिटभर श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आतल्याला 60, वर्षाच्या आतल्याला 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून अधिक भरले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. इतके मोजायला सातवीही लागत नाही.