एका शब्दाला झालेली बंदी



आपल्या भाषेत अवकाश म्हणजे अंतराळ आणि अवकाश म्हणजे सवडही. १९५७ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याला अंतराळाला अजून पुष्कळ अवकाश आहे असे वाटत होते.

त्या वर्षी १९ फेब्रुवारीला हवाई दलाचे जनरल बर्नार्ड श्रीव्हर सॅन डिएगोत बोलले. क्षेपणास्त्रांसाठी जी इंजिने आणि दिशादर्शक यंत्रे आपण बनवतो आहोत, तीच अंतराळात जाण्यास बव्हंशी पुरेशी आहेत, हे त्यांचे म्हणणे. दुसऱ्याच दिवशी वरून आज्ञा आली : यापुढे भाषणात ‘अंतराळ’ हा शब्द नको.

बोलणारा माणूस स्वप्नाळू नव्हता. जन्म १९१० चा, जर्मनीतल्या ब्रेमेनचा, वाढला टेक्सासात. अभियांत्रिकी शिकून वैमानिक झाला. महायुद्धात पॅसिफिकमध्ये बाँबफेकी विमानांची देखभाल सांभाळली. १९५४ पासून कॅलिफोर्नियात इंगलवूडच्या एका रिकाम्या शाळेत त्याच्या हाताखालचे अधिकारी साध्या कपड्यांत काम करू लागले. ॲटलास आणि थॉर ही क्षेपणास्त्रे तिथल्या कामातून उभी राहिली. एक भाग तयार झाल्यावर दुसरा हाती घ्यायचा, ही रीत त्याने मोडली. सगळे भाग एकाच वेळी, आणि महत्त्वाच्या भागांना दोन-दोन पुरवठादार. खर्चिक खरे, पण वेळ वाचला.

गंमत अशी, की ज्या कार्यालयाला हा शब्द वर्ज्य होता, तिथेच टेहळणी उपग्रहाचे काम चालू होते!

तरीही अध्यक्ष आयझेनहॉवर यांना मी केवळ संकुचित म्हणणार नाही. दुसऱ्या देशाच्या डोक्यावरून उपग्रह नेण्याचा हक्क आहे की नाही, हे तेव्हा ठरलेले नव्हते. पहिला उपग्रह विज्ञानाचा दिसावा, ही त्यांची इच्छा होती. ४ ऑक्टोबरला स्पुटनिक सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, कोणत्याही देशाने हरकत घेतली नाही, आणि तो प्रश्न रशियनांनीच सोडवून टाकला.

पुढच्या वर्षी नासा ही नागरी संस्था झाली. लष्कराच्या हाती सगळे अंतराळ न देण्याचा तो निर्णय मला योग्य वाटतो. शब्दबंदी मात्र चूकच होती. धोरण लोकप्रतिनिधींनी ठरवावे, कबूल. पण जाणकाराचे तोंड बांधले तर त्यांनी ते कशाच्या आधारावर ठरवायचे? स्पुटनिकने सामान्य अमेरिकन माणूस हादरला, कारण त्याला कोणी काही सांगितलेलेच नव्हते.

श्रीव्हर १९६६ मध्ये निवृत्त झाले. त्याआधी, २० फेब्रुवारी १९६२ रोजी, नासाचा जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आला. त्याचे यान वर नेणारा अग्निबाण ॲटलास होता.