गियरबॉक्सखाली पुठ्ठा टाका
(सदर, नागपूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे बोलून गेले. आम्हाला ट्रकखालच्या डागावर बोलायचे आहे. हसू नका. कापूस घरात, बाजार चढलेला आणि गाडी मिस्त्रीच्या दारात, हे ज्याने भोगले त्याला हसू येणार नाही.

आम्हा सहा जणांत मिळून एक जुना ट्रक आहे. सकाळी गाडी हलवली की मातीवर तळहाताएवढा डाग. मिस्त्री म्हणाला, मागचे सील गेले. बदलले. पंधरा दिवसांत पुन्हा गळती. पुन्हा बदलले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला गियरबॉक्स उतरवायची भाषा सुरू झाली, आणि वेचणी ऐन भरात. तेव्हा ठरवले, आधी आपण बघू.

पहिले काम, तेल ओळखणे. गाडीखाली रात्रभर कोरा पुठ्ठा टाका. डिझेल इंजिनाचे तेल काळेकुट्ट आणि पातळ. गियरचे तेल घट्ट, तपकिरी, गंधकासारख्या उग्र वासाचे. एकदा वास घेतला की विसरत नाही. ब्रेकचे तेल पाण्यासारखे. आपोआप गियर बदलणाऱ्या गाड्यांत लाल तेल असते. आपल्या जुन्या ट्रकखाली लाल दिसले तर पॉवर स्टिअरिंगकडे बघा, असेल तर.

डाग जिथे पडतो तिथेच गळती असते असे नाही. चालत्या गाडीत वारा तेल मागे नेतो. म्हणून गियरबॉक्स डिझेलने धुवा, कोरडा पुसा, वरून राख किंवा खडूची पूड मारा, दहा-वीस किलोमीटर फिरवा आणि सगळ्यात वर, सगळ्यात पुढे कुठे ओले झाले ते बघा. खाली शिरण्याआधी सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दगड. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली जायचे नाही. गाडी बंद असली तरी नाही.

क्लचच्या डब्याच्या खालच्या भोकातून थेंब पडत असेल तर नीट बघा. काळे तेल असेल तर इंजिनाचे मागचे सील, घट्ट उग्र असेल तर गियरबॉक्सचे पुढचे. दोन्हींत क्लचप्लेट तेलकट होऊन घसरू लागते, आणि नुसती प्लेट बदलून पैसे पाण्यात जातात. मागे शाफ्टच्या जोडाशी ओले असेल तर शाफ्ट हाताने हलवून बघा. खेळत असेल तर बेअरिंग झिजले आहे. नवे सीलही तिथे टिकणार नाही. झाकणाचे पॅकिंग आणि तळाचा बोल्ट हे तर पान्याचे काम.

आमच्या शाफ्टला खेळ नव्हता. मग सील का जाते? गियरबॉक्सच्या वरच्या झाकणावर बोंडाएवढा ब्रीदर असतो. आतले तेल तापले की हवा फुगते, ती तिथून बाहेर जाते. आमचा ब्रीदर धूळ, तेल आणि कापसाच्या तंतूंनी गच्च बुजला होता. कापूस आम्ही भरला, तंतू आमचेच, आणि दोष दोन सीलांना! वाट बुजली की दाब तेलाला सीलच्या कडेतून ढकलतो. ब्रीदर डिझेलमध्ये धुतला, तारेने मोकळा केला, तिसरे सील टाकले. मग गाडी भरून काटोलला नेऊन आणली. पुठ्ठा कोरा.

गळती थांबली तरी तेलाची पातळी बघायची. गाडी सपाट आणि थंड असताना बाजूचा बोल्ट काढा, बोट घाला. तेल भोकाच्या कडेला लागले पाहिजे. जास्त भरले तरी तेही बाहेरच येते. आणि डिफ्रन्शियलचे उरलेले तेल गियरबॉक्समध्ये ओतू नका. जुन्या गियरबॉक्सच्या पितळी रिंगांना ते मानवेलच असे नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेले तेलच घ्या.

आता आम्ही दर वेचणीआधी ब्रीदर काढून धुतो. गाडीत पुठ्ठा कायम असतो. बाहेर उभी आहे, ज्याला बघायचे त्याने जेवणाच्या सुट्टीत यावे.