दोष बॅटरीचा की जोडाचा?



नाशिक जिल्ह्यातील निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तेथील पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. अशा पहाटे द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवून, वेलींना पाणी देऊन घड वाचविण्यासाठी धडपडत असतो. नेमक्या त्याच वेळी ट्रॅक्टरचा सेल्फ मारावा आणि ‘टक्’ असा आवाज होऊन सारे शांत व्हावे, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. रुग्णवाहिका अशीच अडून बसली, तर प्रश्न पिकाचा न राहता प्राणाचा होतो. मग बॅटरी गेली असे समजून नवीसाठी हजारो रुपये मोजले जातात. वास्तविक पुष्कळदा दोष बॅटरीत नसतो. तो जोडात असतो.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. सुमारे दोन व्होल्टचे सहा कोश मिळून बारा व्होल्टची बॅटरी होते. दिव्यांना थोडी वीज पुरते; इंजिन फिरविण्यास मात्र क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. समजा, हा प्रवाह २०० अँपिअर आहे आणि सैल वा गंजलेल्या जोडाचा रोध अवघा एक शतांश ओहम आहे. तेवढ्यानेही २ व्होल्ट त्या जोडातच खर्ची पडतात आणि ४०० वॉट इतकी उष्णता निर्माण होते. म्हणूनच दिवे लागतात, भोंगा वाजतो, पण इंजिन फिरत नाही. थंडीत बॅटरीची शक्ती मंदावते व इंजिनातील तेल घट्ट होते. त्यामुळे उन्हाळ्यात खपून गेलेला दोष हिवाळ्यात उघडा पडतो.

उपाय सोपा आहे, परंतु तो क्रमाने करावयास हवा. प्रथम इंजिन बंद करावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळपास विडी-काडी नसावी. आजच्या बहुतेक वाहनांत ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. म्हणून ऋण तार आधी सोडावी, मग धन. हा क्रम चुकला आणि धन टोकावरील पाना सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. टोकांवरील पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. ते पाणी कोशांत जाऊ देऊ नये. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. टोके कोरडी करून काचकागदाने चकचकीत करावीत.

पुन्हा जोडताना धन तार आधी व ऋण तार शेवटी बसवावी. शिशाचे टोक मऊ असते. पट्टी हातोडीने ठोकू नये, तसेच नट अतिरिक्त आवळू नये. हाताने पिळून पाहिले असता पट्टी हलता कामा नये. नंतरच वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. ऋण तारेचे सांगाड्याकडील टोकही तपासावे; तेच बहुधा विसरले जाते. बॅटरी चौकटीत घट्ट बसलेली असावी, कारण खडबडीत रस्त्यावरील हादऱ्यांनी आतील पट्ट्या झिजतात आणि जोडही सैल होतात. अलीकडील वाहनांत संगणकीय यंत्रणा असल्याने तारा सोडण्यापूर्वी वाहनाची पुस्तिका पाहावी.

पंचायतीच्या ताब्यातील पाण्याचा टँकर, ट्रॅक्टर किंवा घंटागाडी ही गावाची मालमत्ता होय. महिन्यातून एकदा तिचे जोड तपासून नोंदवहीत तशी नोंद करण्याचे काम एका निश्चित व्यक्तीकडे सोपवावे. शिक्षकांनीही विजेचा पाठ शिकविताना सैल जोडाचे हे गणित विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावे. घरी ट्रॅक्टर असणारा विद्यार्थी ते सहसा विसरणार नाही. या कामाला योग्य मापाचा पाना, चिमूटभर सोडा आणि दहा मिनिटे पुरतात. नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी ही दहा मिनिटे अवश्य द्यावीत.