झटके थांबल्यानंतरचे यकृत

आषाढी एकादशीला आपल्या सोलापूर जिल्ह्यात कडकडीत उपवास करणारी घरे असंख्य आहेत, आणि बहुतेकांना त्याने काही अपाय होत नाही. परंतु तीव्र झटक्यांचा पॉर्फिरिया हा आनुवंशिक विकार ज्या कुळात उतरला आहे, तेथील एखाद्या तरुण स्त्रीला त्याच उपवासानंतर पोटात असह्य कळा याव्यात, उलट्या व मलावरोध व्हावा, हातापायांतील बळ जावे आणि उजेडात ठेवलेली लघवी लालसर काळी पडावी, असे घडू शकते.

रक्तास लाली देणारे हीम हे द्रव्य शरीरात आठ विकरांच्या हातून क्रमाक्रमाने सिद्ध होते. आपल्या गिरण्यांत एक खाते मंदावले की मागच्या खात्यात सुताचे ढीग साचावेत, तसे त्यांपैकी एक विकर जन्मतः दुर्बल असल्यास त्याच्या अलीकडची द्रव्ये यकृतात साचतात, आणि उपवास, मद्य वा बार्बिट्युरेट जातीची झोपेची औषधे पहिल्या विकराला अधिक चेतवून तो साठा वाढवितात. म्हणूनच झटक्यात ग्लुकोज देतात, आणि तो तीव्र असल्यास शिरेतून हीमच देतात. उत्तर स्वीडनमधील अशा कुटुंबांचा विस्तृत अभ्यास यान वाल्डेनस्ट्रम यांनी 1937 साली प्रसिद्ध केला.

पुढे त्याच देशातील वैद्यांच्या ध्यानात आले, की या रुग्णांना उतारवयात यकृताचा कर्करोग इतरांहून फार अधिक प्रमाणात होतो. मला आज आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. स्त्रियांचे झटके बहुधा पाळी गेल्यावर ओसरतात, घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात, जुने कागद ट्रंकेच्या तळाशी जातात. आणि नेमक्या त्याच वयात, पन्नाशीच्या पुढे, ही कर्करोगाची गाठ मूळ धरते. साचलेल्या द्रव्यांपैकी अमिनोलेव्हुलिनिक आम्ल पेशीतील जनुकद्रव्याला इजा करीत असावे, असे मानण्यास आधार आहे. यकृताचा कर्करोग म्हटला की आपण दारू किंवा जुनी कावीळ आठवतो, सिऱ्होसिसची, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण झाल्याची, खूण शोधतो. येथे मात्र सिऱ्होसिस नसलेल्या यकृतातही गाठ वाढते, आणि अल्फा-फीटोप्रोटीन ही रक्ततपासणी पुष्कळदा निर्दोष येते. तेव्हा त्या दाखल्यावर विसंबून राहणे धोक्याचे होय.

यावर तजवीज एवढीच, की ज्यांना हा विकार आहे, त्यांनी पन्नाशीपासून दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी, मग शेवटचा झटका वीस वर्षांपूर्वीचा का असेना. गाठ लहान असतानाच सापडली, तर शस्त्रक्रियेने ती काढून टाकता येते. अपत्यांपैकी प्रत्येकाला हा जनुकदोष मिळण्याचा संभव निम्मा असतो, जरी त्यांतील बहुतेकांना जन्मभर एकही झटका येत नाही. म्हणून भावंडांची व मुलांची तपासणी करवावी, आणि ज्याला झटका आला असेल त्याच्या लघवीचा नमुना झटका चालू असतानाच, उजेडापासून झाकलेल्या बाटलीत, प्रयोगशाळेत पोहोचवावा.