नर्सिंग कशाला?



मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ यावर बोलायला सांगितलं होतं. त्या संधी आजच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, म्हणून मी दुसरंच बोलणार आहे. आयोजकांनी रागावू नये.

माझी भाची मोखाड्याला असते. भावाचीच मुलगी. तिनं दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा एमबीबीएसपुरते गुण आले नाहीत. फोनवर म्हणाली, “आत्या, तिसऱ्यांदा बसू की नर्सिंगला जाऊ?” मी पुण्यात, मीटिंगच्या घाईत. म्हटलं, “नर्सिंग कशाला? अजून एक वर्ष दे.” दोन मिनिटांत मी तिच्या एका वर्षाचा निकाल लावला.

१९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा आपण सातवीत होतो. जव्हारच्या रस्त्यावर लाल दिव्याच्या गाड्या बघायला आपण पळायचो, आठवतं? त्यानंतर वर्गात ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं होतं. मलाही. बारावीला गुण कमी पडले, गणित होतंच, इंजिनिअरिंगला गेले. डॉक्टर नाही तर आरोग्यातलंच दुसरं काही, हे कुणी सुचवलं नाही आणि माझ्याही मनाला शिवलं नाही. नर्स म्हणजे डॉक्टर होता न आलेली, एवढीच माझी समजूत. फोनवर तीच बोलली.

नंतर चैन पडेना, म्हणून आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीला फोन केला. ती इथल्याच एका उपकेंद्रात एएनएम आहे. आदिवासी, डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असावं असा निकष आहे. पण ते ३,००० लोक किती पाड्यांवर विखुरलेत, ते तिच्या पायांना विचारा. गरोदर बाईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळांच्या लसी. आणि ओढ्याला पाणी चढायच्या आत कुणाला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात हलवायचं, तेही तिनंच ओळखायचं. म्हणाली, “डॉक्टर लागतोच गं. पण बाई त्याच्यापर्यंत वेळेत पोचवायची कुणी?” डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. हे मी वाचलेलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. घरातल्या मुलीची वेळ आली तेव्हा आठवलं नाही.

मैत्रिणीनं गोड चित्र रंगवलं नाही. बी.एस्सी. नर्सिंगची ४ वर्षं, त्यासाठी राज्याची वेगळी सीईटी. पुढे समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं, पण नोकरी बहुतेक कंत्राटी. एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, तीही आधी जागा मिळाली तर. “तिला माझ्याकडे तीन दिवस पाठव,” एवढंच म्हणाली.

भाची गेली. दुसऱ्या रात्री फोन आला. “आत्या, आज एक बाई दवाखान्यात यायला तयारच नव्हती. ताई तासभर तिच्या सासूशी बोलत बसल्या. शेवटी सासूच पिशवी भरायला लागली. मला ते जमेल असं वाटतं.” नीटबद्दल ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. सध्या दोन्ही फॉर्म भरलेत तिनं. भाऊ अजून नाराज आहे.

तुमच्या घरी बारावीचं मूल असेल तर मला विचारू नका. ती मैत्रीण मागच्या रांगेत बसली आहे, जेवताना गाठा. तिला पाचची एसटी पकडायची आहे.