गणवेशाचं माप कोण घेणार?

(शेलार, भिवंडी इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण आज नदीनाक्यावरून कामवारी ओलांडून आलात. पुलापलीकडची सरकारी शाळा भिवंडी-निजामपूर महापालिकेची, अलीकडची ठाणे जिल्हा परिषदेची. पाच मिनिटांत मालक बदलतो. पण दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांना विचारा, खिडकीचं फुटलेलं तावदान कधी बदलणार? उत्तर एकच येतं : "वर कळवलंय." आज मला या 'वर'बद्दल बोलायचंय.

2024 चा गणवेश आठवतोय ना? त्याआधी गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे, एका जोडाला 300 रुपये. समिती जवळचं दुकान गाठायची, शिंपी बघायची. कापड कधी बरं निघायचं, कधी दोन धुण्यांत विरायचं. पण विरलं तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं, हे आईला माहीत असायचं. मग 'एक राज्य, एक गणवेश' आलं. 2024-25 मध्ये कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. जूनमध्ये शाळा भरली, 15 ऑगस्टचं झेंडावंदन झालं, तरी राज्यातल्या कितीतरी शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. पोहोचले ते कुणाला आखूड, कुणाला ढगळ. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सरकारनंच निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून हे काम पुन्हा समित्यांकडे दिलं.

आता हे भिवंडीत बसून ऐका. ज्या वस्तीत पोरं लूमचा खडखडाट ऐकत झोपतात, जिथं गल्लोगल्ली शिलाई मशीन आहे, तिथल्या पोरानं सदऱ्यासाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसायचं!

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ती अर्धी गोष्ट होईल. पूर्वी मोफत गणवेश सगळ्या मुलींना मिळायचा. मुलांमध्ये मात्र फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना. लूम चालवणाऱ्या अन्सारी कामगाराकडे ते कार्ड नसेल तर त्याचा मुलगा त्याच बाकावर जुन्या सदऱ्यात बसायचा. राहिलेल्या मुलांनाही गणवेश द्यायचा, हे राज्यानं 2023-24 पासून ठरवलं. ते वरूनच होऊ शकत होतं, कुठल्याही समितीच्या हातात ते नव्हतं. म्हणून मी 'वरचं सगळं वाईट' असं म्हणणार नाही. हक्क कुणाचा, हे वर ठरू दे. माप मात्र इथं घेतलं पाहिजे.

गंमत अशी की जिल्हा परिषद हेच एकेकाळी विकेंद्रीकरण होतं. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्या कारभार मुंबईतून जिल्ह्यात आणण्यासाठी. साठ वर्षांत जिल्हाच इतका लांब गेला, की आता आपल्याला त्याच्याही खाली उतरायचंय.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचं 21 वं कलम वाचा. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कामं तीन : शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा बनवणं, अनुदानाचा खर्च तपासणं. कागदावर ही छोटी ग्रामसभाच आहे.

आणि प्रत्यक्षात? मी स्वतः एका शाळेच्या समितीवर पालक म्हणून होतो. शाळेचं नाव घेत नाही. पहिल्या बैठकीचा निरोप मला बैठक झाल्यावर मिळाला. शिपाई वही घेऊन घरी आला. ठराव लिहून तयार होता, सूचक म्हणून माझंच नाव होतं, आणि माझ्या सहीपुरती जागा सोडली होती. मी सही केली. लाज वाटते, पण केली. दाराशी उभ्या माणसाला परत कसं पाठवायचं, असं वाटलं. पुढच्या वेळी मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते बिचारे म्हणाले, "माहिती दुपारपर्यंत वर पाठवायची होती." त्यांनाही उसंत नव्हती. समिती त्यांच्यासाठी आणखी एक भरायचा तक्ता होती.

पैशांचंही तेच. समग्र शिक्षा अभियानात शाळेला संयुक्त अनुदान मिळतं. 101 ते 250 पट असेल तर वर्षाला 50,000 रुपये. त्यात खडू, वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता सगळं. 2021 नंतरच्या पद्धतीत हे पैसे शाळेच्या खात्यात पडून राहत नाहीत. शाळेला खर्चाची मर्यादा मिळते, आणि मार्चअखेर न खर्चलेलं परत जातं. हिशेबाला हे चोख आहे, मान्य. पण मर्यादा फेब्रुवारीत उघडली तर समिती आराखडा कसला करणार? जे दुकानात तयार असेल ते उचलणार. स्वायत्तता मागायची तर इथून मागा : रक्कम तेवढीच राहू दे, पण जूनमध्ये कळू दे.

आता तुमच्या मनातला प्रश्न. शाळेकडे अधिकार आला म्हणजे तो गावातल्या चार दांडग्या घरांकडे जाणार नाही कशावरून? बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत खेड्याच्या कौतुकावर सडकून टीका केली, ती याच अनुभवातून. आपण अल्पसंख्य आहोत, आपल्याला ही भीती जास्त कळते. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, अभ्यासक्रम हे मी गावाच्या हाती देणार नाही. उद्या एखाद्या शिक्षिकेचं आडनाव कुणाला खुपलं, तर तिच्या पाठीशी उभं राहणारं कार्यालय गावाबाहेर असलेलं बरं.

आणि दांडगी घरं फक्त दुसऱ्यांचीच असतात असं समजू नका. 2012 च्या दुरुस्तीनं अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत या समितीला फक्त सल्ला देण्याचं काम ठेवलं. घटनेच्या 30 व्या कलमातला आपला हक्क जपण्यासाठी ते झालं, हे खरं. पण आपल्या किती संस्थाचालकांनी तो सल्ला कधी मागितला? अंजुमनच्या शाळेत फीबद्दल, शौचालयाबद्दल विचारणाऱ्या आईला "कौमची इज्जत" सांगून गप्प बसवलं जातं, तेव्हा तिथंही एक 'वर' तयार झालेला असतो. जिल्हा परिषदेकडे हिशेब मागणाऱ्यानं ट्रस्टकडेही मागावा.

तुमच्याकडून मला एकच काम हवंय. पालकसभेतून समिती निवडली जाते त्या दिवशी आपल्या अम्मीला, भाभीला घेऊन जा. दुपारपाळीचा बाप येऊ शकत नाही, म्हणून सभा सुटीच्या दिवशी ठेवा असा अर्ज द्या. इतिवृत्ताची वही मराठीत असते. उर्दू शाळेतल्या कितीतरी आयांना ती वाचता येत नाही, पण त्या सही करतात, अंगठा देतात. तुम्हाला दोन्ही भाषा येतात. सहीआधी वही तुम्ही वाचून दाखवा, तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. ज्यांना हे जमेल त्यांनी शाळेचं नाव त्या टेबलावरच्या कागदावर लिहा. पुढच्या महिन्यात आपण पुन्हा बसू, तेव्हा वहीत काय निघालं ते ऐकायचंय.