देवघेवीच्या टेबलामागचा माणूस



वाचनाचे महत्त्व या विषयावर आपण सर्वांनी इतकी भाषणे ऐकली आहेत की त्यात आणखी एकाची भर घालण्याची माझी इच्छा नाही. पुस्तक आपल्या हातात ठेवणाऱ्या माणसाविषयी मी आज बोलणार आहे. गावच्या सार्वजनिक वाचनालयात आपण जाता, कार्ड पुढे करता, पुस्तक मिळते, नोंद होते आणि आपण परतता. टेबलापलीकडे बसलेल्या व्यक्तीचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? तिला पगार किती मिळतो, तो केव्हा मिळतो, ती आजारी पडली तर तिच्या जागी कोण बसते, हे प्रश्न तर आपल्या मनाला शिवतही नाहीत. वाचनालय चांगले चालणार की कुढत चालणार हे बऱ्याच अंशी याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते, आणि उत्तरे देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते लोक तुमच्या-माझ्यातलेच आहेत, असे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम आपल्या राज्यातील व्यवस्था थोडक्यात समजून घेऊ. ग्रंथालयांसाठी कायदा करण्याचा पहिला मान आपल्या देशात कोल्हापूर संस्थानाकडे जातो; तो कायदा १९४५ सालचा. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. शेजारच्या कर्नाटकाने दोनच वर्षे आधी, १९६५ साली, असा कायदा केला. परंतु दोन्ही राज्यांनी वाटा निराळ्या धरल्या. कर्नाटकात स्थानिक करांबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो आणि शहरांची व जिल्ह्यांची ग्रंथालये सरकारचे ग्रंथालय खाते चालविते. आपल्याकडे असा उपकर नाही. आपल्याकडे गावातील चार माणसे एकत्र येतात, संस्था नोंदवितात, पुस्तके जमवितात आणि सरकार त्या संस्थेला मान्यता देऊन अनुदान देते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली, मुंबईचे १८९८ साली, म्हणजे कायद्याच्या कितीतरी आधी, अशाच लोकांच्या हौसेतून उभे राहिले. ही आपली परंपरा अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यामुळे झाले असे की, आपला ग्रंथपाल सरकारचा नोकर नाही. तो संस्थेचा नोकर. आणि संस्था अनुदानावर अवलंबून.

आता थोडे गणित करू. मी शिक्षक आहे, फळ्याशिवाय बोलण्याची मला सवय नाही, तेव्हा हे गणित आपण मनातल्या मनात करावे. मान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अ वर्गात चार कर्मचारी धरलेले असतात, ब मध्ये तीन, क मध्ये दोन आणि ड मध्ये एक. अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी व निम्मा इतर खर्चासाठी, असा नियम. २०२२ सालाच्या अखेरीस सरकारने अनुदान साठ टक्क्यांनी वाढविले. त्या वाढीने ड वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० वरून ४८,००० रुपये झाले. त्याचे निम्मे २४,०००. बारा महिन्यांनी भागा. महिना दोन हजार रुपये! वाढीपूर्वी हाच आकडा १,२५० होता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अ वर्ग ग्रंथालयाला त्या वाढीनंतर ११,५२,००० रुपये ठरले. वेतनाचे निम्मे म्हणजे ५,७६,०००, महिन्याला ४८,०००, आणि त्यात चार माणसे. सरासरी काढली तर माणशी बारा हजार. जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या वाचनालयाची ही कथा आहे. बांधकामावरचा बिगारी चार-पाच दिवसांत जे मिळवितो ते खेड्यातील ग्रंथपालास महिन्याने मिळावे, आणि तेही दर महिन्यास नव्हे, कारण अनुदान हप्त्याने येते, हे ऐकून ज्याला वाईट वाटणार नाही असा माणूस या सभागृहात नसावा. संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून काही भर घातली तर गोष्ट वेगळी. तशी घालणाऱ्या संस्था आहेत, पण विरळा.

कोणी म्हणेल, काम तरी काय असते? खुर्चीवर बसायचे आणि पुस्तके द्यायची-घ्यायची. माझ्या मुलांनो, हे वाक्य तुम्ही घरीदारी ऐकाल, म्हणून जरा तपशील सांगतो. नवे पुस्तक आले की त्याची दाखल नोंदवहीत नोंद, शिक्का, वर्गीकरण, क्रमांकाची चिठ्ठी, खिसा. वर्तमानपत्रांच्या फायली. फाटलेल्या पुस्तकांची शिवण. वर्गणीच्या पावत्या, कीर्द, वार्षिक अहवाल, जिल्हा ग्रंथालय कार्यालयाचा पत्रव्यवहार, तपासणीची तयारी. वाळवी आणि झुरळे यांच्याशी बारमाही लढाई. जुन्या कागदाची धूळ दिवसभर श्वासावाटे आत जाते; ज्याला दमा आहे त्याने हे काम करून पाहावे. ड वर्गात तर ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही पदे एकाच देहात वास करतात. सकाळी कुलूप उघडणारा, झाडू मारणारा आणि सायंकाळी कादंबरीची शिफारस करणारा माणूस तोच.

परंतु या कष्टांहून अधिक थकविणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वाचक. होय, आपण! दंडाचे दहा रुपये मागितले की आवाज चढविणारे आपणच असतो. दैनिकातले कोडे आधी कोणी सोडविले यावरून वाद घालणारे वृद्ध गृहस्थ आहेत, आणि अभ्यासिकेतल्या पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडणारी स्पर्धा परीक्षेची मुलेही आहेत. या मुलांची दया येते. वर्षानुवर्षे परीक्षा देतात, घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे वाहतात, आणि निकालाच्या दिवशी एखादा मुलगा येऊन कोपऱ्यात नुसता बसून राहतो. त्याच्याशी दोन शब्द कोण बोलतो? ग्रंथपाल बोलतो. हे काम त्याच्या नेमणूकपत्रात नाही, त्याचे शिक्षण त्याला मिळालेले नाही, आणि घरी जाऊन त्याने हे कोणाला सांगावे याचीही सोय नाही. शाळेत आम्हां शिक्षकांना निदान स्टाफरूम असते. तिथे आम्ही एकमेकांपाशी मन मोकळे करतो, कधी मुख्याध्यापकांच्या नावाने, कधी चहाच्या नावाने. एकट्या ग्रंथपालाला स्टाफरूम कोठून असणार?

“ही तर सेवा आहे, सेवेत पैशाची गोष्ट कशाला?” असे एक उत्तर या सर्वांवर ठरलेले असते. फोबाझी एटार नावाच्या एका अमेरिकन ग्रंथपाल विदुषीने २०१८ साली या वृत्तीवर एक लेख लिहिला व तो त्या व्यवसायात फार गाजला. तिचे म्हणणे असे की, ग्रंथालय ही पवित्र वास्तू आहे आणि तेथील काम हे पवित्र कार्य आहे, असे एकदा मानले की त्या कार्यातील दोष दाखविणे पाप ठरते, कमी पगाराची तक्रार स्वार्थ ठरते आणि थकवा हा श्रद्धेचा अभाव ठरतो. तिकडचे पगार व आपले पगार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, तरी हे निदान आपल्यालाही तंतोतंत लागू पडते. सेवा हा शब्द मोठा आहे, पण तो सेवा करणाऱ्याने स्वतःसाठी वापरावा. सेवा करवून घेणाऱ्याच्या तोंडी तो शोभत नाही.

या संदर्भात डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे हे जनक. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. ते मूळचे गणिताचे शिक्षक. शिक्षकाचा पगार तुटपुंजा, म्हणून मित्रांच्या आग्रहावरून त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदासाठी अर्ज केला आणि १९२४ साली ते तेथे रुजू झाले. म्हणजे या महान ग्रंथपालाला ग्रंथालयात आणले ते बऱ्या पगाराने, ही गोष्ट सेवावाद्यांनी ध्यानात ठेवावी! पण तेथील एकांत त्यांना सोसवेना. थोड्याच दिवसांत ते आपल्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि मला परत घ्या म्हणू लागले. प्राचार्यांनी त्यांना रागे भरले नाही, लगेच परतही घेतले नाही. विद्यापीठ तुम्हाला इंग्लंडला पाठवीत आहे, तिकडे जाऊन या, परतल्यावरही हे काम नकोसे वाटले तर पाहू, असा सल्ला दिला. रंगनाथन लंडनला गेले, शिकले, तिथली शंभरावर ग्रंथालये हिंडून पाहिली आणि परतले ते कायमचे ग्रंथपाल होऊन. १९३१ साली त्यांचे पाच सूत्रांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. मला या हकिगतीत त्या प्राचार्यांचे वागणे विशेष मोलाचे वाटते. समोरचा माणूस कंटाळला आहे, त्याचा कंटाळा खरा आहे, आणि त्याला शिक्षणाची व चार जागा पाहण्याची संधी हवी आहे, हे त्यांनी ओळखले. नेतृत्व म्हणतात ते हेच.

रंगनाथन यांच्याविषयी असेही सांगितले जाते की पुढे सुमारे वीस वर्षे त्यांनी रजा न घेता, रोज तेरा-तेरा तास काम केले. त्यांच्या निष्ठेपुढे मान लवते. तथापि एका असामान्य माणसाने स्वतःहून जे केले, ते महिना दोन हजारांवर राबणाऱ्या बाईंकडून कोणी अपेक्षू नये. त्यांना साप्ताहिक सुट्टी हवी, आणि त्या सुट्टीच्या दिवशी “जरा किल्ली घेऊन या” असा फोन जाऊ नये.

एका तालुक्याच्या गावी मी पाहिलेली गोष्ट सांगतो. तेथील वाचनालयात सहा वर्षांत चार ग्रंथपाल आले आणि गेले. दर नव्या माणसाला कपाटे समजेपर्यंत वर्ष जाई, तोवर तो दुसरी नोकरी शोधी. मग कार्यवाह बदलले. नवे कार्यवाह निवृत्त पोस्टमास्तर, मोठे वक्ते वगैरे नव्हेत. त्यांनी देणगीदारांकडून थोडी रक्कम जमवून बँकेत वेगळी ठेवली. अनुदानाचा हप्ता येवो न येवो, पाच तारखेला त्या रकमेतून पगार द्यायचा आणि हप्ता आला की ती भरून काढायची. पाठीला आधार असणारी खुर्ची आणली. स्वच्छतागृहाचे दार दुरुस्त केले, कारण ग्रंथपाल बाई होत्या आणि दिवसभर पाणी पीत नव्हत्या, यामागचे कारण त्यांच्या पत्नीने त्यांना समजावून दिले. दंडाबाबतची तक्रार कार्यवाहांकडे करावी, टेबलावर वाद घालू नये, अशी पाटी लावली आणि पहिली तक्रार एका वजनदार सभासदाची आली तेव्हा ते बाईंच्या बाजूने उभे राहिले. पुस्तक खरेदीची यादी करताना, “वाचक काय मागतात?” हे त्यांना विचारले. बाई आजही तेथे आहेत. संध्याकाळी शाळेतल्या मुली त्या वाचनालयात बसू लागल्या आहेत. बाई आहेत म्हटल्यावर आई-वडील निर्धास्तपणे पाठवितात. आपल्या मुलींच्या शिक्षणाची काळजी वाहणाऱ्या आपणा सर्वांना याचे मोल मी सांगावे असे नाही.

पाटण्याच्या खुदाबक्ष ग्रंथालयाचे नाव आपण ऐकले असेल. खुदाबक्ष साहेबांनी १८९१ साली आपला संग्रह लोकांसाठी खुला केला. त्यांनी दुर्मिळ हस्तलिखिते शोधण्यासाठी मुहम्मद मक्की नावाचा एक अरब जाणकार महिना पन्नास रुपये पगारावर ठेवला होता, असे सांगतात. तो अरबस्तान, सीरिया, इजिप्त, इराण पालथे घालीत असे. त्या काळी पन्नास रुपये ही लहान रक्कम नव्हे. ग्रंथांवर प्रेम करणारा तो वकील ग्रंथ जाणणाऱ्या माणसाचीही किंमत जाणत होता, असे मी यातून समजतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणाला या व्यवसायात जावेसे वाटले तर जरूर जा. प्रमाणपत्र वर्गापासून बी. लिब. पर्यंत शिक्षणाची सोय आहे, आणि शाळा-महाविद्यालयांत पूर्णवेळ, वेतनश्रेणीच्या जागाही असतात. परंतु सार्वजनिक वाचनालयाचे आकडे मी आताच सांगितले, ते पाहून जा. सार्वजनिक ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी मिळावी ही मागणी फार जुनी आहे आणि तिच्यासाठी त्यांनी पुष्कळ मोर्चे काढले आहेत. त्या मोर्चांत वाचक दिसत नाहीत, याचे मात्र मला आश्चर्य वाटते.

पालकांपैकी अनेकजण कोणत्या ना कोणत्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. काहींच्या हाती वाचनालयेही आहेत. जे नाहीत ते निदान सभासद आहेत, आणि सभासदाला वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. सभेत ताळेबंद वाचला जातो तेव्हा बहुतेकांचे लक्ष चहाकडे असते. येत्या सभेत वेतनाच्या रकान्यापाशी जरा थांबावे आणि विचारावे: गेल्या वर्षी पगार किती तारखांना दिला? सर्वांत जास्त किती महिने थकला? कर्मचाऱ्याने रजा किती घेतली व त्या दिवशी टेबलावर कोण बसले? रात्री वाचनालय बंद करून बाई घरी कशा जातात? कार्यवाहांना राग येण्याचा संभव आहे. तरी विचारावे, आणि शक्य तर त्याच सभेत पगाराच्या राखीव रकमेसाठी पहिली पावती आपल्या नावाची फाडून घ्यावी.